नर्सिंग केलं तर हातात किती पडतात? एकाच कामाच्या चार पगारांची गोष्ट

बारावीचा निकाल लागला की माझा फोन सुरू होतो. गावाकडून, सासरकडून, एकदा तर गाडीवरच्या भाजीवाल्या मावशींकडून पण, आणि प्रश्न ठरलेला, "पोरीला नर्सिंगला टाकू का, आणि पगार किती मिळतो गं?" पहिल्याचं उत्तर मी देते, दुसऱ्याचं एका आकड्यात देता येत नाही आणि तिथेच सगळा घोळ होतो. कारण विचारणाऱ्याने यूट्यूबवर "नर्सला ८५ हजार पगार" असा व्हिडिओ पाहिलेला असतो, आणि त्याच्याच गल्लीतल्या दवाखान्यातली सिस्टर नऊ-दहा हजारावर राबतेय हेही त्याला दिसत असतं. दोन्ही खरं आहे.

जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या तेव्हा माझ्या मावसभावाने फोन करून विचारलं, "यांना एवढा पगार आहे तरी संप कशाला?" तेव्हा मी त्याला पाऊण तास समजावलं होतं. तेच इथे लिहितेय, जरा नीट क्रमाने. मी स्वतः जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा, करून या लाइनीत आले, चौदा वर्षं झाली, आता पुण्यात एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत इनचार्ज आहे, म्हणजे नवीन आलेल्या मुलामुलींची ड्युटी मीच लावते आणि त्यांचं रडणं पण मीच ऐकते.

## पांढरा ड्रेस घातला म्हणजे नर्स नाही

पगाराआधी हे क्लिअर करू, कारण अर्ध्या लोकांची फसवणूक इथेच होते.

कोर्स मुख्यतः तीन. एएनएम दोन वर्षांचा, बारावी कुठल्याही शाखेतून चालते, आणि हा मुलींसाठीच असतो. गावात लसीकरणाला, गरोदर बायकांच्या तपासणीला ज्या आरोग्यसेविका येतात त्या एएनएम. जीएनएम तीन वर्षांचा, इथेही आर्ट्सवाले चालतात. आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांची डिग्री, त्याला बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी लागतं आणि राज्याच्या सीईटी सेलची वेगळी सीईटी असते. डिग्री नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. जीएनएम केलेल्यांना पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून डिग्री घेता येते, मी तेच केलं.

कोर्स संपला म्हणून नर्स होत नाही बरं का. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवावं लागतं, तो रजिस्ट्रेशन नंबर म्हणजे तुमचं लायसन्स, गाडी चालवायला जसं लागतं तसंच. दर पाच वर्षांनी ते रिन्यू करायचं. तो नंबर नसेल तर तुम्ही कायद्याने नर्स नाही, मग भले तुम्हाला झोपेत सलाईन लावता येऊ दे.

आता एसटी स्टँडवरचे बोर्ड आठवा, "सहा महिन्यांत नर्स बना, १००% नोकरी". हे नर्सिंग असिस्टंट, पेशंट केअर वगैरे नावाचे सर्टिफिकेट कोर्स असतात. मदतनीस म्हणून काम मिळतं, ते काम वाईट नाहीये, पण त्यावर कौन्सिलचा नंबर मिळत नाही, सरकारी भरतीचा फॉर्म भरता येत नाही, परदेश तर विसराच. माझ्याकडे एक मुलगी अशी आली होती, वडिलांनी म्हैस विकून फी भरलेली, आणि तिला वाटत होतं आपण स्टाफ नर्स आहोत. तिला सांगताना माझ्याच घशात आलं. म्हणून अ‍ॅडमिशनआधी कॉलेजचं नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल आणि इंडियन नर्सिंग कौन्सिल, दोन्हींच्या यादीत स्वतः बघा. कॉलेजवाल्याने दाखवलेल्या फ्रेममधल्या सर्टिफिकेटवर जाऊ नका.

फीचं एक. सरकारी कॉलेज मिळालं तर प्रश्नच नाही. खासगीत बीएस्सी करायची तर चार वर्षांचे काही लाख धरून चाला. पण वर्षाला आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसमधल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी राज्य सरकारने पूर्ण माफ केलीय, अट अशी की अ‍ॅडमिशन सरकारच्या केंद्रीय फेरीतून झालेलं पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून "सीट बुक करून टाका" म्हणणाऱ्याच्या नादाला लागलात तर ही माफी हातची गेली.

## एकच इंजेक्शन, चार पगार

समजा चार मुली एकाच कॉलेजातून, एकाच वर्षी, सारखेच मार्क घेऊन बाहेर पडल्या. चौघी तीच अँटिबायोटिक भरतात, तोच बीपी घेतात, तीच रात्र जागतात.

पहिली तालुक्याच्या गावी पंधरा-वीस बेडच्या नर्सिंग होममध्ये लागली. तिला आठ ते बारा हजार, बऱ्याचदा पाकिटात रोख, ना पीएफ ना स्लिप. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला गेली असती तर अठरा ते पंचवीसच्या मधे कुठेतरी, मी गेल्या दोन-तीन वर्षांत ज्या ऑफर बघितल्या त्या साधारण याच पट्ट्यातल्या.

दुसरी राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी स्टाफ नर्स झाली. जिल्ह्यांच्या जाहिरातीत हा आकडा महिन्याला २०,००० असाच दिसतो, एएनएमला १८,०००. ऑर्डर अकरा महिन्यांची, मग एक दिवसाचा खंड, मग परत ऑर्डर. याच अभियानात बीएस्सीवाल्यांसाठी समुदाय आरोग्य अधिकारी ही पोस्ट आहे, गावातल्या उपकेंद्रात बसायचं, त्यात २५,००० ठरलेले आणि कामाच्या हिशोबाने वर १५,००० पर्यंत. हे वरचे पंधरा कधी वेळेवर येतात, कधी रखडतात, आल्यावरच मोजायचे.

तिसरी राज्य सरकारची कायम नर्स झाली. सरकारी भाषेत स्टाफ नर्सला अधिपरिचारिका म्हणतात, जाहिरातीत हाच शब्द शोधा, नाहीतर "स्टाफ नर्स" शोधत बसाल आणि फॉर्मची तारीख निघून जाईल. वेतनस्तर एस-१३, मूळ पगार ३५,४००. त्यावर महागाई भत्ता, म्हणजे महागाई वाढेल तसा मूळ पगारावर मिळणारा टक्का. हिशोबापुरता ५५ टक्के धरला तर १९,४७०. झाले ५४,८७०. वर घरभाडे भत्ता, तो गाव-शहराप्रमाणे कमीजास्त. आणि यातून पेन्शन योजनेचे दहा टक्के, ५,४८७ कापले जातात.

चौथी एम्समध्ये लागली, म्हणजे केंद्र सरकार. तिथे हीच पोस्ट नर्सिंग ऑफिसर नावाने आहे, लेव्हल ७, मूळ पगार ४४,९००. त्याच ५५ टक्क्यांनी महागाई भत्ता २४,६९५, नर्सिंग भत्ता ९,०००, आणि नागपूरच्या एम्सला असेल तर घरभाडं २० टक्क्यांनी ८,९८०. बेरीज करा, ८७,५७५. यूट्यूबवाला खोटं बोलत नव्हता, तो फक्त चौथ्या मुलीबद्दल बोलत होता.

आता मावसभावाचा प्रश्न. तिसरी आणि चौथी यांचा मूळ पगारच ९,५०० रुपयांनी वेगळा आहे, शिक्षण तेच असून. महागाई भत्ता, घरभाडं, वाढ, सगळं मूळ पगारावरच चालतं, त्यामुळे तळातली ही फट वर जाताना रुंदच होत जाते. संपामागे हीच वेतनत्रुटीची मागणी होती आणि दुसरी, कायम भरतीऐवजी कंत्राटदारामार्फत नर्स घेण्याला विरोध. म्हणजे तिसरीची खुर्ची काढून तिथे दुसरीला बसवायचं, ते पण आणखी स्वस्तात. एवढं सांगितल्यावर मावसभाऊ गप्प बसला.

थोडक्यात, पगार डिग्रीवर कमी आणि ऑर्डरवर सही कोणाची आहे यावर जास्त ठरतो. हे माझं चौदा वर्षांचं मत आहे आणि कोणी बदलून दाखवलं तर मला आनंदच होईल.

## ऑफर लेटरवरचे २२ हजार घरी येईपर्यंत

खासगी मोठ्या हॉस्पिटलच्या ऑफर लेटरवर एक शब्द असतो, सीटीसी. म्हणजे तुम्हाला ठेवायला हॉस्पिटलला एकूण किती खर्च येतो. तो तुमचा पगार नाही. लग्नाचं बजेट पाच लाख म्हणजे नवरीच्या हातात पाच लाख नसतात, तसं.

समजा महिन्याचं सीटीसी २२,००० आणि त्यात बेसिक ११,०००. पीएफमध्ये हॉस्पिटलचा वाटा बेसिकच्या १२ टक्के, १,३२०, तो यातूनच धरलेला. ग्रॅच्युइटी म्हणून ५२९ धरलेले, जे पाच वर्षं टिकलात तर मिळणार. ईएसआय, म्हणजे कामगार विम्यात हॉस्पिटलचा सव्वातीन टक्के वाटा, साधारण ६३४. हे गेलं की उरले १९,५१७, हा तुमचा ग्रॉस. आता तुमच्या बाजूने पीएफचे परत १,३२० आणि ईएसआयचे पाऊण टक्का म्हणजे १४७. हातात आले १८,०५०. मुलगा असेल तर व्यवसाय कराचे आणखी २०० जातात, बायकांना २५ हजारांपर्यंत तो माफ आहे.

मग हॉस्टेल. हॉस्पिटलचंच हॉस्टेल असेल तर दोन-अडीच हजार पगारातूनच कापतात आणि मेस वेगळी. म्हणजे २२ ची ऑफर घेतलेल्या पोरीकडे घरी पाठवायला तेरा हजारही राहिले तर नशीब. माझी पहिली स्लिप अजून जपून ठेवलीय, त्यात तर दोन ड्रेस आणि एका बुटाचे पैसे पण तीन हप्त्यांत कापलेले आहेत. ते बूट तीन महिने टिकलेच नाहीत, ही गोष्ट वेगळी.

पण पीएफ कापला म्हणून नाराज होऊ नका. दोन्ही बाजूंचे मिळून महिन्याला २,६४० तुमच्या नावावर जमा होतायत, नोकरी बदलली तरी यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा नंबर, तोच ठेवा. ईएसआय २१,००० पर्यंतच्या पगारालाच लागू असतो, त्यात उपचार आहेत, बाळंतपणाची भरपगारी रजा आहे. त्या रोख दहा हजारवालीला यातलं काहीच नसतं. तिने एक सुट्टी घेतली तरी त्या दिवसाचे पैसे जातात.

## मग सुप्रीम कोर्टाने २० हजार ठरवले होते ना?

हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर दरवर्षी १२ मेला, परिचारिका दिनाला, फिरतो. अर्धा खरा आहे.

जानेवारी २०१६ मध्ये ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीने शिफारस केली, २०० पेक्षा जास्त बेडच्या खासगी हॉस्पिटलात पगार राज्य सरकारच्या नर्सएवढा द्या, १०० च्या वर बेड असतील तर त्यापेक्षा जास्तीत जास्त १० टक्के कमी, ५० ते १०० बेडला जास्तीत जास्त २५ टक्के कमी, आणि ५० च्या आतल्या दवाखान्यात पण २०,००० च्या खाली नको. मी गंमत म्हणून आजच्या ३५,४०० वर हिशोब केला. शंभर बेडच्या वरच्या हॉस्पिटलात ३१,८६० तरी हवेत, पन्नासच्या वरच्यात २६,५५०. गंमत फार वेळ टिकली नाही.

मग मिळत का नाही? कारण ही शिफारस होती, कायदा नाही. केंद्राने ती राज्यांकडे पाठवली, अंमलबजावणी राज्यांनी करायची. केरळात नर्सच्या संघटना रस्त्यावर उतरल्या आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने खासगी हॉस्पिटलचं किमान वेतन वाढवून २०,००० पासून सुरू केलं. आपल्याकडे खासगीतल्या नर्सची संघटना म्हणावी अशी ताकदच नाही. ज्या मुली पंधरा महिन्यांत हॉस्पिटल बदलतात त्या संघटना कधी बांधणार, आणि पगार वाढत नाही म्हणूनच त्या हॉस्पिटल बदलतात.

## "मग सरकारीच घे ना, खासगीत कशाला जायचं?"

घे म्हटलं की मिळत असती तर आयसीयूत माझ्याकडे कोणी आलंच नसतं. राज्याची भरती नियमित नसते, एखाद्या वर्षी हजारो जागा निघतात आणि मग बराच काळ शांतता. वैद्यकीय शिक्षण विभाग, सार्वजनिक आरोग्य विभाग, जिल्हा परिषद, महापालिका, सगळ्यांच्या जाहिराती वेगळ्या. परीक्षेत नर्सिंगचे प्रश्न असतात तसे मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमत्ता चाचणीचे पण असतात, आणि नाइट करून आलेली पोरगी समानार्थी शब्दांवर मार खाते. वॉर्डात हुशार असणं आणि परीक्षेत हुशार असणं यात फरक आहे हे मी स्वतःच्या दोन प्रयत्नांवरून सांगते.

एम्सची परीक्षा म्हणजे नॉरसेट, देशभरातल्या एम्ससाठी एकच. वयाची मर्यादा साधारण ३०, राखीव गटांना सवलत. आणि यात एक अट नीट वाचा, बीएस्सीवाल्यांना अनुभवाची गरज नाही पण जीएनएमवाल्यांना किमान ५० बेडच्या हॉस्पिटलचा दोन वर्षांचा अनुभव लागतो. गावातल्या पंधरा बेडच्या नर्सिंग होमची पाच वर्षं इथे शून्य धरली जातात. ही अट मला पंचविसाव्या वर्षी कोणी सांगितली असती तर!

## म्हणून पहिली दोन वर्षं कुठे घालवायची

हा या लेखाचा माझ्या दृष्टीने मुख्य भाग, बाकी सगळं गूगलवर सापडेल.

गेल्या वर्षी माझ्या भाचीला दोन ऑफर होत्या. घराजवळच्या तीस बेडच्या दवाखान्यात १४,०००, घरून डबा, राहायचा खर्च नाही. आणि शहरात दोनशेच्या वर बेडच्या हॉस्पिटलात हातात १८,०००, त्यातून हॉस्टेल. वहिनीचा हिशोब साधा, घरी चौदाचे चौदा शिल्लक, तिकडे तेराही नाहीत, मग जायचं कशाला. हिशोब चुकीचा नव्हता, फक्त एका महिन्याचा होता.

मी म्हटलं तिला शहरात पाठवा. पहिल्या दोन वर्षांत पगार घ्यायचा नसतो, हात घ्यायचा असतो. आयसीयूत तुम्ही व्हेंटिलेटरवरचा पेशंट बघता, एबीजीचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइडच्या तपासणीचा, रिपोर्ट वाचायला शिकता, नॉरअ‍ॅड हे बीपी टिकवणारं औषध चालू असलेल्या पेशंटचा पंप संपायच्या आधी दुसरी सिरिंज भरून ठेवायची हे अंगात भिनतं. तीस बेडच्या दवाखान्यात सलाईन, इंजेक्शन, ड्रेसिंग आणि डॉक्टर नसताना पेशंटला थोपवून धरणं, यापलीकडे संधीच येत नाही. दोन वर्षांनी या दोघींना कोणी इंटरव्ह्यूला बसवलं तर पाच मिनिटांत कळतं कोण कुठून आलंय.

भाची गेली, आणि पहिल्याच आठवड्यात रडत फोन, "आत्या, ओव्हर देता येत नाही मला." ओव्हर म्हणजे ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला प्रत्येक पेशंटची सगळी खबर देणं. बेड चारची पोटॅशियमची रिपोर्ट यायचीय, बेड सातला रात्री दोनला ताप १०२ होता पॅरासिटामॉल दिलंय, बेड नऊचं कॅथेटर आज बदलायचंय, नारकोटिकच्या, म्हणजे मॉर्फिनसारख्या कडक औषधांच्या, कपाटात अँप्युल किती, किल्ली ही घ्या. हे सगळं बारा तास उभं राहून झाल्यावर, सकाळी आठला, समोर वीस वर्षं नोकरी झालेली सिस्टर भुवई वर करून उभी. भाचीने एकदा बेड चार आणि पाचची अदलाबदल केली. नुकसान झालं नाही, समोरच्या सिस्टरने फाइल बघून पकडलं, पण त्या दिवसापासून पोरगी खिशात छोटी वही ठेवते, बेड नंबरप्रमाणे पानं आखलेली. तीन महिन्यांनी तिचं ओव्हर मी फोनवर ऐकलं, उगाच, सरावाला. छान देते.

नाइट ड्युटीचं पण लोक विचारतात. हो, असते, महिन्यातून आठ-दहा, कमी स्टाफ असेल तर जास्त. नियमाप्रमाणे जनरल वॉर्डात पाच पेशंटला एक नर्स आणि आयसीयूत एकाला एक असं प्रमाण हवं. प्रत्यक्षात रात्री वीस-पंचवीस पेशंटमागे एक सिस्टर आणि एक मावशी हे चित्र काही नवीन नाही. म्हणून इंटरव्ह्यूला पगार विचारून झाला की हेही विचारा, नाइटला एका सिस्टरकडे किती पेशंट असतात? उत्तर द्यायला समोरचा अडखळला तर समजून जा.

## बाँड आणि ओरिजिनल कागद

काही हॉस्पिटलं नोकरीला लावताना एक-दोन वर्षांचा बाँड करून घेतात, म्हणजे आधी सोडलं तर इतके पैसे भरा. आणि अडकवून ठेवायला मार्कशीट, रजिस्ट्रेशनचं ओरिजिनल "आमच्याकडे सेफ राहील" म्हणून काढून घेतात. मी पण दिलं होतं, बावीस वर्षांची होते. सरकारी मुलाखतीची तारीख आली तेव्हा ओरिजिनल मागायला गेले तर एचआरने तीन दिवस फिरवलं, चौथ्या दिवशी वडील गावाहून आले आणि ऑफिससमोरच्या बाकड्यावर डबा उघडून बसले, तेव्हा संध्याकाळी कागद मिळाले. मुलाखत तोपर्यंत झाली होती.

इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०११ मध्येच या बाँडच्या आणि कागद अडकवण्याच्या प्रकाराविरुद्ध भूमिका घेतलीय. तेव्हा साक्षांकित झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवा आणि परत पिशवीत टाका. त्यावर अडून बसणारं हॉस्पिटल दुसऱ्या गोष्टीतही अडवणारच. सरकारी कॉलेजातल्या मुलींना शासनाचा बाँड असतो तो वेगळा, तिथे शिक्षण स्वस्तात मिळाल्याच्या बदल्यात सेवा द्यायची असते, त्यात मला काही गैर वाटत नाही.

## परदेशाचं काय?

आकडे मोठे आहेत. इंग्लंडच्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य सेवेत, नवीन नर्स बँड ५ या पगाराच्या पायरीवर लागते, २०२५-२६ मध्ये त्याची सुरुवात वर्षाला ३१,०४९ पौंड. पण घरभाडं, टॅक्स, हीटिंगचं बिल पण पौंडातच असतं, ते गुणाकार करताना कोणी धरत नाही. त्यासाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ७, फक्त लेखनात साडेसहा चालतात, किंवा ओईटी ही दुसरी इंग्रजीची परीक्षा, मग तिथल्या कौन्सिलची परीक्षा.

जर्मनीची चर्चा आपल्याकडे वाढली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून. तिथे इंग्रजी चालत नाही, पूर्ण नर्स म्हणून मान्यता घ्यायला जर्मन भाषा बी-२ या पातळीपर्यंत आणावी लागते, आणि बी-२ म्हणजे पेशंटच्या आजोबांची तक्रार फोनवर समजणं. वर्ष-दीड वर्ष रोजचा अभ्यास धरा, नोकरी सांभाळून. आखाती देशांत भाषेचा त्रास कमी, पण तिथेही साधारण दोन वर्षांचा अनुभव आणि लायसन्सची परीक्षा लागते. म्हणजे फिरून परत तीच दोन वर्षं.

एजंट असेल तर तो परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी झालेला आहे का ते ई-मायग्रेट साइटवर बघा. असा एजंट उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच फी घेऊ शकतो. पाच लाख मागणाऱ्याला हा नियम सांगून बघा, फोन बहुतेक तोच कट करेल.

## मुलगा असेल तर?

टाका की. आयसीयू, इमर्जन्सी, ऑपरेशन थिएटरमध्ये ब्रदर लोकांना, म्हणजे पुरुष नर्सना, खासगीत चांगली मागणी आहे. अडचण सरकारी जागांची, नॉरसेटमध्ये ८० टक्के जागा महिलांना आणि २० टक्के पुरुषांना, त्यामुळे मुलांचा कटऑफ वर जातो. आणि पेशंटचे नातेवाईक "डॉक्टर" म्हणून हाक मारतात, आमच्या ब्रदर मंडळींना ते आवडतं, नाही म्हणतात पण आवडतं.

## सोडताना घ्यायचा कागद

भाचीची दोन वर्षं पुढच्या वर्षी भरतील. तिला आत्तापासून बजावून ठेवलंय की राजीनामा दिल्यावर नोटीस पूर्ण करायची, आणि अनुभवाच्या दाखल्यात चार गोष्टी आल्याशिवाय एचआरच्या दारातून हलायचं नाही, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, पोस्टचं नाव स्टाफ नर्स, कोणता विभाग, आणि हॉस्पिटलचे एकूण बेड. "समाधानकारक काम केले" असलं गोड वाक्य नसलं तरी चालेल. बेडचा आकडा राहिला तर परत छापून घ्यायचा. ती म्हणाली, "आत्या, आणि नाही दिला तर?" म्हटलं, आजोबांना डब्यासकट बोलावून घेऊ.